तलाव व्हायच्या आधीचा नकाशा

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. मी ऑफिसातून घरी आले, पायातली चप्पल अजून काढायची होती, आणि माझा मोठा भाऊ दिवाणावरून म्हणाला, "बाई, मले तलावाचा नकाशा पाहिजे. मोबाईलवरचा नाही. कागदावरचा."

मी म्हटलं, "कोणत्या तलावाचा?"

"इकडले जेवढे असतील तेवढे."

आमचं ऑफिस पेन्शनचं आणि महिना नोव्हेंबरचा. या महिन्यात सगळे निवृत्त लोक हयातीचा दाखला द्यायला येतात, म्हणजे आपण जिवंत आहोत असं लिहून देतात. त्या दिवशी मी सकाळपासून माणसं जिवंत असल्याच्या सह्या घेत होते. कुणाचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता, कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणी टेबलाशी उभं राहून पाच मिनिटं नुसता खिसा चाचपत होतं. निवृत्तीला मला दोन वर्षं राहिली आहेत. त्या महिन्यात ती वीस वाटत होती. मी भावाला "पाहू" म्हटलं आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. उमरेडकडच्या कोळसा खाणीत तो वर्कशॉपमध्ये फिटर होता. वहिनी गेल्यावर दीड वर्ष एकटा राहिला, मग साखरेनं डोळा गेला तेव्हा माझ्याकडे आला. त्याचा मुलगा बंगळुरूला असतो, फोन करतो, बोलावतो, पण भावाला तिथली हवा आणि तिथलं आयुष्य दोन्ही मानवत नाही. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही ते इथे सांगण्यासारखं काही नाही. नागपुरात मानेवाड्याकडे माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. त्यात आम्ही दोघं राहतो. भावाला उजव्या डोळ्यानं जवळपास काही दिसत नाही आणि डाव्यानं जाड अक्षरं तेवढी दिसतात, तीही भिंग धरून. मोबाईलची काच उन्हात त्याला निव्वळ पांढरी दिसते. म्हणून कागद.

आणि नकाशा कशासाठी, तर मासे धरायला. खाणीत असताना तीस वर्षं तो दर रविवारी गळ टाकायला जायचा. त्याच्याबरोबर कन्हानचा एक दोस्त असायचा, खाणीतलाच. मोटारसायकल दोस्ताची, गळाचे दांडे भावाचे. कोणत्या तलावात कुठे बसायचं हे दोस्त ठरवायचा, कारण पाण्याखाली कुठे नाला आहे, कुठे खडक आहे, हे सगळं त्याला ठाऊक होतं. भावानं कधी विचारलंही नाही. विचारायची गरज पडली नाही. मे महिन्यात तो दोस्त छातीत दुखून गेला. भाऊ अंत्ययात्रेला जाऊन आला आणि दांडे माझ्या बाल्कनीत उभे करून ठेवले. पावसाळाभर ते तिथेच होते. मला वाटलं, संपलं हे प्रकरण.

"थंडी सुरू झाली," तो जेवताना म्हणाला. "मासा आता खोल पाण्यात जाते. खोल कुठं आहे हे मले कसं समजन?"

मी ताटाकडे पाहत म्हटलं, "तू जाणार कोणासोबत?"

"तू आहेस न."

मी भात कालवत राहिले. त्यानं ते होकार म्हणून घेतलं.

भाचा इथे होता तेव्हाचा त्याचा जुना लॅपटॉप माझ्याकडे पडून होता. स्वयंपाक झाला की मी तो उघडून बसायची. तलावाचा नकाशा, फुकट, छापता येण्यासारखा, मासेमारीसाठी, असं मी लिहिलं. आणि जगात केवढे तलाव आहेत हे मला कळलं. थंड देशांतल्या एकेका तलावाचे असे नकाशे होते की पाहत राहावं. पाण्याच्या आत रेघा, प्रत्येक रेघेवर खोली, कुठे वाळू, कुठे गवत, कुठे बुडालेलं झाड. खाली बटण: छापा. आपल्याकडचा एखादा तलाव शोधावा तर नुसता निळा डाग यायचा. आत काही नाही. काही साइट 'फुकट' म्हणायच्या आणि तिसऱ्या पानावर कार्डाचा नंबर मागायच्या. एकीनं ईमेल घेतला, पासवर्ड घेतला, मोबाईलवर आकडा पाठवते म्हणाली आणि तो आकडा आलाच नाही. एका ठिकाणचा नकाशा उतरवला, तर तलावावरून तिरपं त्या साइटचंच नाव छापलेलं. भिंग धरून भावानं विचारलं, "हे काय आहे गाळासारखं?" मी म्हटलं, "जाहिरात."

एकदा नमुना म्हणून मी एका परदेशी तलावाचा नकाशा छापून आणला. हे असं काही पाहिजे का, एवढंच विचारायचं होतं. भावाला तो इतका आवडला की चार दिवस तो कागद त्याच्या हातातून सुटला नाही. खिडकीत बसून भिंगानं एकेक रेघ पाहायचा.

"इथं कोणता मासा असन वं?"

"मला काय माहीत."

"बर्फ पडत असन तिकडं." थोड्या वेळानं बोट एका वळणावर ठेवून म्हणाला, "मी इथं बसलो असतो."

ज्या तलावाला तो जन्मात कधी जाणार नव्हता, तिथे त्यानं आपली जागा धरून ठेवली होती. मला हसू यायला हवं होतं. मी तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या फायली मनात लावत होते.

मग उमरेडकडच्या एका तलावावर आम्ही थांबलो. तलावाचं नाव मी लिहीत नाही, भावानं बजावलं आहे. गळ टाकणारे लोक जागा सांगत नाहीत. फार वर्षांपूर्वी दोस्ताबरोबर तो तिथे दोन-तीनदा गेला होता आणि मोठा मासा तिथेच मिळाला होता. कुठे बसलो होतो ते त्याला आठवत नव्हतं. त्या तलावाचा निळा डाग छापून मी ऑफिसच्या पिशवीत टाकला होता, जेवणाच्या सुट्टीत पाहू म्हणून, आणि तो फायलीखालून टेबलावर डोकावत राहिला.

दाखला द्यायला एक वृद्ध गृहस्थ आले. पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, खिशात दोन पेन. पाटबंधाऱ्याच्या कामात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. सही करून झाली तरी ते हलेनात. मला वाटलं, आता पेन्शनवाढीचं विचारतील. त्यांचं लक्ष त्या कागदाकडे होतं.

"मॅडम, हे कशाला?"

मागे रांग होती. तरी मी थोडक्यात सांगितलं. खोली पाहिजे आहे, कुठे मिळत नाही.

"पाण्याचा नकाशा कशाला शोधता?" ते म्हणाले. "पाण्याखाली कोण मोजायला गेलंय? तलाव व्हायच्या आधीचा नकाशा शोधा. आधी तिथे जमीन होती ना? त्यात नाला दिसेल. नाला म्हणजे खोल."

इतकी साधी गोष्ट होती आणि तीन आठवडे माझ्या डोक्यात आली नव्हती.

"दोन शीटं लागतील तुम्हाला," ते म्हणाले आणि माझ्याच पॅडच्या चिठ्ठीवर त्यांनी दोन नंबर लिहिले. न पाहता, न आठवता. "तलाव बरोबर दोन शीटांच्या सांध्यावर आहे. आम्हालाही तेव्हा हाच त्रास होता." मागचा माणूस "अहो काका, चला न" म्हणाला तेव्हा ते काठी घेऊन निघाले. मी त्यांना धन्यवाद म्हटलं की नाही, ते मला आता आठवत नाही. बहुतेक नाही म्हटलं.

त्या नंबरांचे जुने नकाशे मला सापडले ते परदेशातल्या एका ग्रंथालयाच्या साइटवर. तिथे कुणीतरी ते कधीकाळी स्कॅन करून सगळ्यांसाठी मोकळे ठेवले होते. नाव नाही, पासवर्ड नाही, काही नाही. आपल्या उमरेडकडचा नाला कुठल्या तरी दूरच्या कपाटात नीट घडी करून ठेवलेला होता. फिकट पिवळा कागद, बारीक अक्षरं, तपकिरी रेघा. तलावाच्या जागी तलाव नव्हता. शेतं होती, गाडीवाट होती, नागमोडी नाला होता आणि नाल्याच्या काठी काळ्या ठिपक्यांचं एक गाव होतं.

मी भावाला सांगितलं, "इथे गाव होतं."

"असन," तो म्हणाला. "नाला कुठं आहे?"

पुढचे दिवस छापण्यात गेले. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात एक बाई बसतात, कपाळाला नेहमी बाम लावलेल्या. पहिल्यांदा त्यांनी काळ्यात काढून दिला, तर तपकिरी रेघा आणि नाला एकच झाले. दुसऱ्यांदा रंगीत काढला, तर एक शीट कागदाच्या मापात बसवलेलं आणि दुसरं आहे त्या मापात. दोन्ही जोडले की नाला सांध्यावर तुटून अर्धं बोट वर सरकायचा. तिसऱ्यांदा शाई संपली होती. चौथ्यांदा मी स्वतः त्यांच्या कॉम्प्युटरशी वाकून उभी राहिले आणि दोन्ही एकाच मापात येतात की नाही ते पाहिलं. बाई म्हणाल्या, "जमिनीची केस आहे का ताई? वाटणीची?" मी म्हटलं, "नाही, माशांची." त्यांनी पुढे विचारलं नाही.

घरी येऊन दोन्ही कागद कडा कापून चिकटवले. नाला जुळला. भाऊ इतका खूश झाला की चहा त्यानं केला.

पण नकाशात तलाव नव्हता, तो आता आम्हाला काढायचा होता. कुठवर पाणी चढतं ती रेघ कळल्याशिवाय काठ कुठे आणि नाला कुठे हे समजणार नव्हतं. मोबाईलवरचा निळा डाग पाहून, टेकडी कुठे, रस्त्याचं वळण कुठे हे जुळवत जुन्या कागदावर काठ काढायचा. हे काम डोळ्यांचं आणि डोळे माझे. ऑफिसातून आल्यावर मी अर्धा तास बसायची. भाऊ शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि विचारायचा.

"हा नाला इकडून वळते का तिकडून?"

"इकडून."

"अन् गाडीवाट?"

"ती वर."

"वर म्हणजे किती वर?"

एका रविवारी त्यानं नाल्याचं वळण दहाव्यांदा विचारलं आणि माझा तोल गेला. मी पेन्सिल टाकली. म्हटलं, "मी थकली न भाऊ. दिवसभर लोकायचे अंगठे धरून ठेवतो, घरी आली की तुझे तलाव. मासेच खायचे असतील तर बाजारात मिळतात. मी काहून हे करून राहिली, मलेच माहीत नाही."

ऑफिसात मी कधी असं बोलत नाही. घरातली भाषा तोंडात आली की आवाजही घरातला होतो.

त्यानं भिंग डबीत ठेवलं. डबीचं झाकण लावलं. "बरं," म्हणाला आणि उठून बाल्कनीत गेला. सोमवारी तो विषय निघाला नाही. मंगळवारीही नाही. तो औषधं वेळेवर घेत होता, ताट आपणहून विसळत होता, टीव्हीचा आवाज कमी ठेवत होता. या सगळ्यानं मला जास्तच ओशाळं वाटत होतं.

बुधवारी मी आले तेव्हा तो झोपला होता आणि टेबलावर नकाशा उघडा होता. काठाची रेघ त्यानं स्वतः काढायचा प्रयत्न केला होता, निळ्या पेन्सिलनं. सुरुवात धरणाच्या भिंतीपासून बरोबर केली होती. मग रेघ टेकडीवर चढली होती, टेकडीच्या माथ्यावरून पलीकडे उतरली होती, रस्ता ओलांडून कागदाच्या कडेला गेली होती. कडेवर पेन्सिल टेबलाच्या लाकडालाही लागली होती. बाजूला खोडरबराचा भुसा होता, म्हणजे हे त्यानं दोन-तीनदा केलं होतं.

मी पर्स खांद्यावरून न काढताच बसले. मग मी खोडरबर घेतलं आणि टेकडीवरून ती रेघ हळूहळू पुसली, कागद फाटू नये म्हणून एकाच दिशेनं. भाताची वेळ टळून गेली तरी बसून होते. काठ पूर्ण केला. तो उठला तेव्हा मी कागद त्याच्यासमोर धरला आणि त्याचं बोट धरून धरणाच्या भिंतीपासून परत भिंतीपर्यंत सगळ्या काठावरून फिरवलं.

"हा असा आहे?" तो म्हणाला.

"हो."

"केवढा मोठा आहे वं."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. दांडे जुन्या पडद्याच्या कापडात गुंडाळलेले, डब्यात कणकेच्या आणि पेंडीच्या गोळ्या हिंग लावून. बस उमरेडच्या दिशेनं लागली तसा हिंगाचा वास आमच्यापुढच्या तीन सीटांपर्यंत गेला. कंडक्टरनं पडद्याचं गाठोडं पाहून विचारलं, "ताई, टेंटचं सामान आहे का?" भाऊ ऐटीत म्हणाला, "मासोळीचं." पुढे ऑटो केला, मग पाळीवरून चालत गेलो. पाळ म्हणजे धरणाची मातीची भिंत. गार वारा होता आणि माझे गुडघे दुखत होते. एका हातात दांडे आणि दुसऱ्या हातात भाऊ.

पाळीच्या टोकाशी सोसायटीचा राखणदार बसला होता. तलाव मासेमारांच्या सोसायटीकडे असतो, विचारल्याशिवाय गळ टाकता येत नाही. राखणदार भावाच्याच वयाचा, डोक्याला मफलर, पायात रबरी बूट.

"कोठून आले गा?"

"नागपूरहून," भाऊ म्हणाला. "दुपारपर्यंत बसू द्या. दोनच दांडे आहेत."

तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मी तोवर बसायची जागा ठरवायला नकाशा उघडला होता. वाऱ्यानं तो फडफडला म्हणून राखणदारानं एक कोपरा धरला आणि विचारलं, "हे कोणतं गाव?"

मी नाव वाचलं. इंग्रजीत ते असं विचित्र लिहिलं होतं की मी महिनाभर ते चुकीचं वाचत होते, आणि तसंच वाचलं. त्यानं मान हलवली आणि बरोबर नाव सांगितलं. मग तो खाली बसला. कागद दोन्ही हातांनी गुडघ्यावर पसरला.

"आमचं गाव आहे हे."

त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण नकाशा तो माझ्याहून भराभर वाचत होता. "ही आमराई. हा मोठा दगडाचा उतार. ही वाट पाहा ठिपक्या-ठिपक्याची, आम्ही इथून शाळेत जात होतो. ही विहीर. विहीर आमच्या घरामागं होती." एका काळ्या ठिपक्यावर त्यानं नख टेकवलं. "हे नाही... हे."

"किती वर्षांचे होते तुम्ही?" मी विचारलं.

"सात-आठ. बाबानं घराची लाकडी मयाल काढली, दारं काढली, सगळं बैलबंडीत भरलं. मी दाराच्या फळीवर बसून आलो नव्या गावात. थेच दार अजून लावलं आहे."

भावानं अदबीनं थांबून मग आपला प्रश्न विचारला. "नाल्यात मासा असन ना या दिवसात?"

"नाला?" राखणदार हसला. "तुमचा नाला केव्हाचाच बुजला गा. गाळ आहे नुसता. कोणी सांगितलं तुम्हाले?"

मी पाण्याकडे पाहिलं. चार वेळा छापलेला नाला, सांध्यावर जुळवलेला नाला, ज्याच्यावरून मी भावाला बोलले तो नाला. तो तिथे नव्हताच. मला तिथेच पाळीवर आडवं व्हावंसं वाटलं.

"खोल पाहिजे असन तर विहिरीपाशी टाका," तो म्हणाला. "विहीर बुजवली नव्हती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तोंड दिसते तिचं. चला, दाखवतो."

त्यानं आम्हाला काठाच्या एका खडकाशी नेलं आणि पाण्यात हात करून जागा दाखवली. भावानं हात वर घेऊन दांडा फेकला, सवयीचा, डोळ्यांची गरज नसलेला हात. दोरी नेमकी पडली. पण दोरीला बांधलेलं, मासा लागला की बुडणारं मोराचं पीस त्याला दिसत नव्हतं. ते मी पाहायचं होतं.

तीन तास मी एका पिसाकडे पाहत बसले. ऑफिसात कुणी मला इतकं स्वस्थ बसू दिलं नसतं. ऊन पाठीवर आलं. राखणदार थोड्या अंतरावर नकाशा घेऊन बसला होता आणि अधूनमधून स्वतःशीच एखादं नाव बोलत होता, कुणाच्या तरी घराचं.

"हाललं का?" भाऊ विचारायचा.

"नाही."

"आता?"

"वाऱ्यानं हालतंय."

आणि मग ते पीस आडवं झालं, उभं झालं आणि गेलंच. "भाऊ, गेलं! ओढ!" मी ओरडले. भावानं दांडा उचलला. दोरी पाणी कापत गेली, दांडा वाकला, आणि हा माणूस, जो माझ्या घरात भिंतीला हात लावत चालतो, तो खडकावर दोन पाय रोवून उभा राहिला आणि माशाला दोरी देत, घेत, देत, घेत राहिला. मला फक्त "डावीकडं का उजवीकडं?" विचारत होता. मी सांगत होते. राखणदार पाण्यात उतरला आणि त्यानं दोन्ही हातांनी मासा काठावर घेतला. रोहू होता, दोन किलोच्या जवळपास. भावानं त्याच्यावरून हात फिरवला, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि कितीतरी वेळ हात काढला नाही.

निघताना राखणदारानं नकाशा घडी करून माझ्यापुढे धरला. म्हणाला, "ताई, याची एक झेरॉक्स मिळन का? गावातल्या म्हाताऱ्या लोकायले दाखवतो." मी हो म्हणणार होते, पाठवून देते असं. त्याआधी भाऊ म्हणाला, "झेरॉक्स काहून? हाच ठेव गा."

बसमध्ये मी पिशवी पायांत धरून बसले. उमरेड मागे पडल्यावर म्हटलं, "मला विचारलं का?"

"त्याचं गाव आहे न वं."

"माझा महिना गेला त्यात."

"हाव," तो म्हणाला. खिडकीबाहेर तोंड केलं. त्याला बाहेरचं काही दिसत नाही हे मला माहीत होतं. पिशवीत ओल्या फडक्यात मासा होता. घरी येऊन तो मीच साफ केला, तुकडे केले, रस्सा केला आणि भावाच्या ताटातले काटे काढून दिले. चांगला झाला होता. हे मी त्याला सांगितलं नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आठवड्यानं राखणदाराचा फोन आला. निघताना भावानं त्याला माझा नंबर दिला होता. नकाशा घरोघर फिरला होता. दोन म्हाताऱ्यांचं भांडण झालं होतं, नाल्याकडचं तिसरं घर कोणाचं यावरून. घड्यांवर कागद विरला होता. "मोठा निघन का ताई? भिंतीवर लावाले. समाजमंदिरात."

मी "पाहते" म्हटलं. सगळे कागद गेले असले तरी लॅपटॉपमध्ये फाइल होती.

शनिवारी सुट्टी होती. झेरॉक्सवाल्या बाई म्हणाल्या, एवढा मोठा आमच्याकडे होत नाही, फ्लेक्सवाल्याकडे जा. फ्लेक्सवाल्याच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर सुकत होते, हात जोडलेले, गॉगल लावलेले लोक. त्यानं माझी फाइल पडद्यावर उघडली, मोठी केली, आणखी मोठी केली.

"फाटून राहिली इमेज, मॅडम. एवढ्या साइझमध्ये अक्षरं नाही वाचता येणार."

"घरं दिसतील ना?"

"काळे ठिपके दिसतील."

"मग काढा."

रोल तयार झाला तो माझ्या खांद्याएवढा उंच होता. रिक्षात तो तिरपा धरून बसस्टँडवर नेला. उमरेडच्या बसच्या ड्रायव्हरला सांगितलं, कोणत्या फाट्यावर कोण घ्यायला येईल, मफलर असेल. त्यानं तो आपल्या सीटमागे उभा केला. बस गेल्यावर मी भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "त्याले विचारलं का, उन्हाळ्यात पाणी कितवर उतरते, विहीर केव्हा दिसते?" मी म्हटलं, नाही विचारलं. फोन बंद केला आणि तिथल्या बाकावर बसले. शेजारी एक बाई संत्री सोलत होती, तिनं न विचारता दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या. उठायचं होतं, दळण आणायचं होतं, पण पाय निघेनात. उमरेडच्या आणखी दोन बसेस लागल्या, भरल्या आणि गेल्या तोवर मी तिथेच होते.